हवा कुण्या गाडीची बघायची? कामाच्या मेसेजमधला स्वल्पविराम

गोदामवाला, लातूर

सोयाबीनच्या कारखान्यात गोदाम सांभाळतो. सगळा कारभार व्हॉट्सॲप ग्रुपवर. परवा खरेदीवाल्या काकांचा मेसेज आला, जसाच्या तसा देतो : 'अहमदपूरची गाडी खाली करा हवा बघून उदगीरची थांबवा'. (हवा म्हणजे मालातला ओलावा.)

पाळीवरच्या पोरानं 'करा'पाशी थांबून वाचलं. अहमदपूरची गाडी तशीच खाली केली, अन् उदगीरच्या मालाला मशीन लावत बसला. काकांना हवा बघायची होती अहमदपूरची! संध्याकाळी बघतो तर ओलावा 16 टक्के. हमीभावाच्या केंद्रावर 12 पर्यंत घेतात. 2024 च्या खरिपाला सरकारनं 15 पर्यंत सूट दिली होती, त्यातही हा माल बसला नसता. तोवर कट्टे थप्पीला लागलेले. ओला माल थप्पीत तापतो, बुरशी धरतो, म्हणून रात्री हमाल बोलावून थप्पी मोडली. हमाली दोनदा.

काका म्हणतात, 'एवढंही कळत नाही का?' पोरगा म्हणतो, 'लिहिलं तेच केलं.' काका वडिलांच्या वयाचे. त्यांना कसं सांगावं?

बीडचा पावणा

सांगूच नको. 'मला व्याकरण शिकवायलास का?' हे ऐकायची तयारी असंल तर सांग. त्यापेक्षा दरवेळी उलट विचार, 'काका, कुण्या गाडीची?' विचारून विचारून वैताग आणला की आपोआप नीट लिहितेत.

निवृत्त अव्वल कारकून, परभणी

पोराची चूक नाही. वाक्य दोन्हीकडून लागत असेल तर वाचणाऱ्याला दोष देता येत नाही.

तहसीलला आम्ही टिपणी लिहायचो, तेव्हा वरिष्ठांचं लाल पेन ऱ्हस्व-दीर्घावरच फिरायचं. साहित्य महामंडळाचे 1962 चे चौदा नियम आणि 1972 ला जोडलेले चार, सगळे पाठ होते. पण वेलांटी चुकली म्हणून कुणाचं शेत दुसऱ्याच्या नावावर गेलेलं मी पाहिलं नाही. 'अर्जदारास व त्याच्या भावास नोटीस देऊन ताबा द्यावा' हे वाक्य मात्र सही होऊन सुटायचं. ताबा कुणाला? अर्जदाराला, भावाला, का दोघांना? व्याकरणाला नाव ठेवायला जागा नाही, अन् माणसं कचेरीत खेटे घालायलेत.

तेव्हा काकांच्या शुद्धलेखनाला हात लावू नका. 'माल घ्यायलेत का' असं लिहिलं तरी बिघडत नाही, ती आपली बोली आहे. पुण्या-मुंबईच्या ऑफिसला मेल जाणार असेल तर प्रमाण भाषा वापरा, एवढंच. विरामचिन्ह मात्र बोलीलाही लागतं. बोलताना आपण थांबतो, हात करतो. मेसेजमध्ये हात कुठून दिसणार? आणि काका फोनवर बोलून टाइप करतात का, ते बघा. तसं केलं की पुष्कळदा टिंबं पडतच नाहीत.

पतसंस्थेतली ताई, अंबाजोगाई

आमच्याकडं आकड्यांचा घोळ. 'दीड दोन लाख मंजूर' म्हणजे दीड ते दोन, की दोघांना वेगवेगळे? आता रक्कम अंकी आणि अक्षरी दोन्ही लिहिल्याशिवाय मी पुढं सरकवत नाही.

दुसरं मानाचं. वसुलीच्या एका पत्रात 'तुमच्या वडिलाने जामीन दिला' असं गेलं. 'वडिलांनी' पाहिजे होतं. म्हातारबा पत्र घेऊनच आले. हप्त्याचं राहिलं बाजूला, 'मी काय तुमचा गडी आहे का?' यावरच तासभर. बरोबरच होतं त्यांचं. पत्र पुन्हा छापून दिलं, मग चहा घेतला त्यांनी.

गोदामवाला, लातूर

कारकूनकाका, बरोबर ओळखलंत. बोलूनच टाइप करतात, तेही मोटारसायकल बाजूला लावून घाईघाईत. आज कुणाचं नाव न घेता ग्रुपवर टाकलं : 'एका मेसेजमध्ये एकच गाडी'. काकांनी अंगठा दिला. पाठोपाठ त्यांचाच मेसेज : 'निलंग्याची आली की घ्या औशाची आल्यावर सांगतो'.

लगेच फोन लावला.