ब्रॉयलरच्या खाद्यात हळद, लसूण, शेवगा किती टाकायचा?

नवीन_शेड:
मंडळी, पिल्लं दुसऱ्या आठवड्यात आलीत. उगाच अँटिबायोटिक द्यायचं नाही असं ठरवलंय, म्हणून हळद, लसूण, शेवग्याचा पाला, कडुलिंब असं काहीतरी खाद्यातून द्यायचा विचार आहे, पण प्रमाण जो तो वेगळंच सांगतो, कोणी मूठभर म्हणतं कोणी चमचाभर. नक्की किती द्यायचं आणि खरंच फरक पडतो का?

खुराडेवाला:
हळद पावडर किलोला 5 ग्रॅम पुरे, म्हणजे 50 किलोच्या पोत्याला पाव किलो. थोडी मिरपूड टाकली तर हळदीतलं कर्क्युमिन अंगाला जास्त लागतं. लसूण पावडरही साधारण तेवढीच. थेट पोत्यात ओतू नका हां, आधी दोन-तीन किलो खाद्यात नीट कालवा, मग ते सगळ्यात मिसळा, नाहीतर एक फीडर पिवळाधमक आणि दुसऱ्यात नावालाही हळद नाही. कडुलिंब जपून, कडू लागलं की पक्षी खाद्य कमी उचलतात आणि ब्रॉयलरचं खाणं कमी झालं की वजन गेलंच.

एफसीआर_बघा:
शेवगा जास्त नको, त्यात तंतू असतात, पोट भरतं पण वजन चढत नाही. पाला सावलीत कडकडीत वाळवा, दमट राहिला की बुरशी, मग अफ्लाटॉक्सिन म्हणजे बुरशीचं विष, आणि ते थेट लिव्हरवर जातं.
फरक पडतो का हे विचारून कळणार नाही, शेडमध्ये पार्टिशन टाका, एकाच बॅचचे निम्मे पक्षी साध्या खाद्यावर ठेवा, दर आठवड्याला दोन्हीकडचं वजन करा. खाल्लेलं खाद्य भागिले वाढलेलं वजन, झाला एफसीआर, म्हणजे किलोभर वजन वाढायला किती किलो खाद्य लागलं ते. "पक्षी तरतरीत दिसतात" याला काही अर्थ नाही.

नवीन_शेड:
आणि काढा करून पाण्यातून दिला तर? विष्ठेत जरा लालसर दिसतंय कालपासून.

खुराडेवाला:
अहो हे आधी सांगायचं ना! लाल दिसतंय म्हणजे कॉक्सी (कॉक्सिडिओसिस, आतड्यातल्या परजीवीचा आजार) असू शकतो, तिथे हळद-लसणावर थांबू नका, आजच्या आज पशुवैद्यांना दाखवा, मेलेला पक्षी असेल तर पोस्टमॉर्टेम करून घ्या. निपलखालचं, म्हणजे पाणी प्यायच्या तोट्यांखालचं, ओलं लिटर (जमिनीवर अंथरलेला भुसा) काढून कोरडं भरा, कॉक्सी ओलाव्यातच वाढतो. काढा सध्या राहू द्या, चोथ्याने निपल चोक होतात आणि पाइपात चिकट थर बसतो. लसीच्या पाण्यात तर हळद, लसूण, काढा असलं काहीच मिसळू नका.