किस्से म्हणून सोडून देऊ नका

एखाद्या भागातला धंदा सावरतोय का, हे ठरवताना व्यापाऱ्यांचं सांगणं म्हणजे नुसते किस्से, अर्थतज्ज्ञांनी आकडेच बघावेत, असं एक मत आहे; ते मला अर्धंच पटतं. एखाद्या भागाचे आकडे हाती येईपर्यंत काही महिने उलटलेले असतात, आणि नंतर तेही सुधारले जातात. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हच्या, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या, १२ प्रादेशिक बँका म्हणूनच वर्षातून ८ वेळा आपापल्या भागातल्या उद्योजकांशी बोलून 'बेज बुक' नावाचा अहवाल काढतात. फेडरल रिझर्व्हच्या व्याजदर ठरवणाऱ्या बैठकीआधी साधारण दोन आठवडे ते प्रसिद्ध होतं. १९७० मध्ये हा अहवाल सुरू झाला तेव्हा फक्त अंतर्गत वापरासाठी होता, १९८३ पासून तो सगळ्यांना वाचायला मिळतो. किस्सेच, पण शिस्तीने गोळा केलेले!

मात्र प्रश्न नेमके हवेत. "धंदा कसा चाललाय?" विचारलं की "बरा आहे" एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारावं, वाढलेलं काम ओव्हरटाइमवर भागवताय की दुसरी पाळी सुरू केलीत? ओव्हरटाइम दोन महिन्यांत बंद करता येतो, पाळीसाठी माणसं घ्यावी लागतात. मालकाचा खरा भरवसा तिथे कळतो. उधारी किती दिवसांनी वसूल होते, हेही विचाराच. ऑर्डरी परत आल्या पण पैसे पूर्वीपेक्षा महिनाभर उशिरा मिळत असतील, तर त्याला सावरणं कसं म्हणायचं? आणि ज्यांनी कायमचं शटर ओढलं ते व्यापाऱ्यांशी बोलायच्या अशा बैठकांना येतच नाहीत. त्यांना मुद्दाम शोधून बोलवायला हवं.