मदत हवी आहे : सर्वेवाल्यांनी माझ्यापुढं ‘घरकाम’ लिहिलं, बदलायचं कुठं?

निपाणीची_सून
नमस्कार. मंगळवारी सर्वेवाले येऊन गेले. टॅबवर माझ्या नावापुढं ९२ टाकलं. काय म्हणून विचारलं तर म्हणाले, “मने केलस”, म्हणजे घरकाम. हे चुकीचं आहे. बदलून कुठं मिळतं, तहसीलदार ऑफिसात की नगरपालिकेत? जरा लवकर सांगा, मला घरातून फार वेळ निघता येत नाही.

सीमावासी
ताई, कुठला सर्वे? कर्नाटक सरकारचा २०२५ चा जातीचा असेल तर त्यात धंद्यापेक्षा मातृभाषा मराठी आणि जात मराठा नीट लिहिलीय का ते आधी बघा. आमच्या गल्लीत दोन घरांत भाषेचा घोळ झालाय.

निपाणीची_सून
जात विचारली, पण तो सर्वे नव्हे. तो घेणारे मास्तर आमच्या ओळखीचे होते. हे वेगळे.

आकडेमोड
दोन गोष्टी सांगा. मागच्या सात दिवसांत रोज कोण किती तास कामावर होतं असं विचारलं, की काल पहाटे ४ पासून आज पहाटे ४ पर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाला काय केलं असं? आणि परत येणार म्हणाले का?

निपाणीची_सून
सात दिवसांचं. पुढच्या महिन्यात परत येणार आहेत.

आकडेमोड
मग हा केंद्राचा श्रमबळ सर्वे, पीएलएफएस. २०१७ पासून चालू आहे. जानेवारी २०२५ पासून निवडलेल्या घरी लागोपाठ चार महिने चार वेळा येतात. ९२ म्हणजे ‘फक्त घरकाम’. तहसीलदारांचा याच्याशी संबंध नाही, हेलपाटा मारू नका. घरकामाशिवाय तुम्ही काय करता ते सांगितलं नाहीत.

चिकोडीकर
खोडायच्या भानगडीत पडूच नका! काम करते म्हणून लिहिलं तर कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मीचे महिन्याचे २००० बंद होतील.

आकडेमोड
चिकोडीकर, कृपा करून भीती घालू नका. गृहलक्ष्मीतून वगळतात ते बाई किंवा तिचा नवरा आयकर वा जीएसटी भरत असेल तर. शिवाय आकडेवारी गोळा करण्याच्या २००८ च्या कायद्यानं एका घराची माहिती दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. या भीतीपायी बायका खरं सांगत नाहीत आणि मग आकडे खोटे निघतात.

चिकोडीकर
आकडे खोटेच आहेत. २०२३-२४ ला देशात बेकारी ३.२ टक्के म्हणे! आमच्या भागात डिप्लोमा झालेली किती पोरं कट्ट्यावर बसून आहेत, मोजून बघा या.

आकडेमोड
तुमची पोरं काम शोधत असतील तर ती त्या ३.२ मध्ये आहेत. आकडा लहान दिसतो कारण घरच्या शेतात, दुकानात बिनपगारी राबणारंही ‘कामावर’ धरतात. पंधरा वर्षांवरच्या बायकांपैकी श्रमबळात, म्हणजे कामावर किंवा काम शोधणाऱ्या, २०१७-१८ ला २३.३ टक्के होत्या, २०२३-२४ ला ४१.७ झाल्या. त्या सगळ्यांच्या हातात पगार पडतो असं त्यातून काढू नका. पण म्हणून सर्वे खोटा ठरत नाही.

निपाणीची_सून
माझं राहिलं बाजूलाच. मी तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहायला होते. दोन वर्षांमागं सासऱ्यांच्या अंगावरून वारं गेलं, तेव्हा काम सोडलं. आता त्यांचं सगळं मीच करते. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. पहिल्या उन्हाळ्यात एक झाली होती, ती भरायला अडीच महिने गेले. रात्री ते झोपले की ब्लाऊज शिवते, आठवड्याला आठ-दहा होतात. सर्वेवाले आले तेव्हा मी आत सासऱ्यांना पेज भरवत होते. दारात सासूबाई होत्या. “सून काय करते?” विचारल्यावर त्या म्हणाल्या, “घरातच असते.” झालं, लिहिलं.

मास्तर_खानापूर
सासऱ्यांसाठी नाडकचेरीत (महसूल ऑफिसात) संध्या सुरक्षाचा, म्हणजे म्हातारपणच्या पेन्शनचा, अर्ज करा. वयाचा दाखला, आधार, बँक पासबुक लागतं.

निपाणीची_सून
सर, ते चालू आहे. मी ते विचारलं नव्हतं.

आकडेमोड
ताई, मग नोंद त्यांच्याच नियमानं चुकली. सात दिवसांत एका दिवशी एक तास जरी कमाईचं काम केलं तरी तो माणूस कामावर धरतात. वर्षात तीसेक दिवस जोडधंदा केला तर तोही मोजतात. गिऱ्हाइकाचे ब्लाऊज शिवणं म्हणजे स्वतःचा धंदा, कोड ११. पुढच्या वेळी दारात तुम्ही बसा. कुठल्या दिवशी किती तास मशीनवर होता ते आठवड्याचं लिहून ठेवा.

निपाणीची_सून
आणि सासऱ्यांचं करते ते?

आकडेमोड
ते या सर्वेत काम धरत नाहीत. हेच दुसऱ्याच्या घरी पगारावर केलंत तर धरतात. ते मोजतो तो वेळवापर सर्वे, २०१९ आणि २०२४ ला झाला. २०२४ चा आकडा असा: घरच्यांची देखभाल करणाऱ्या १५ ते ५९ वयाच्या बायका त्यात दिवसाला १४० मिनिटं घालवतात, पुरुष ७४. स्वयंपाक-धुणीभांडी वेगळी, त्याची बायकांची ३०५ मिनिटं.

निपाणीची_सून
१४०? माझं सकाळी अकरापर्यंतच तेवढं होतं.

सीमावासी
खर्चाचं काय करता ताई? सीमाभागातल्या ८६५ गावांना महाराष्ट्राची जनआरोग्य योजना द्यायचं २०२३ ला ठरलं, त्यात कोल्हापुरात बसतं का बघा. कर्नाटकानं त्यालाही आडकाठी केली. १९५६ पासून आपलं हेच चाललंय.

चिकोडीकर
प्रत्येक धाग्यात सीमाप्रश्न आणायलाच पाहिजे का? बाईंना कोडचं विचारायचंय.

सीमावासी
दवाखान्याला निपाणीहून कोल्हापूर गाठणाऱ्याला विचारा सीमाप्रश्न कशात असतो ते.

गडहिंग्लजची_नर्स
मी हेच काम करते म्हणून लिहिते. सरकारी हिशेबात आरोग्यावरच्या एकूण खर्चात लोकांच्या खिशातला वाटा २०१३-१४ ला ६४.२ टक्के होता, २०२१-२२ ला ३९.४ आला. पण ताईंनी वखार सोडली, तो बुडालेला पगार यात कुठंच नाही. दर वेळी मीटिंगमध्ये हे मांडते. ताई, तुम्ही हिशेब लिहिणाऱ्या आहात, तर पगार कधीपासून बुडाला तेही मांडून ठेवा. आणि पोटऱ्यांखाली घडी घालून टाचा अधांतरी ठेवता ना? पाठीकडं लक्ष देताना टाचा राहतात.

निपाणीची_सून
टाचांचं माहीत नव्हतं. आत्ता बघितलं, डावी लाल झालीय. पोटरीखाली जुन्या साडीची घडी घातली.

पोराच्या जुन्या वहीत डायपर, फिजिओ, गाडीभाडं लिहीतच होते. आज पगाराचा रकाना आखला, आणि मागच्या पानावर शिलाईचे तास. काल रात्री दीड तास, दोन ब्लाऊज. सासूबाईंनाही सांगून ठेवलंय, सर्वेवाले आले की मला हाक मारा, तोवर मी येईन म्हणून सांगा. त्या म्हणाल्या, “मला काय ठाऊक, शिलाईपण लिहितात म्हणून.”

मास्तर_खानापूर
मशीन पायाची आहे की मोटारीची? शिलाई मशीनला अनुदान असतं.

निपाणीची_सून
पायाची. मोटारीच्या आवाजानं ते जागे होतात.