साप चावलेला रुग्ण आला: आधी सर्पविषावरची लस की आधी तपासणी?

धागाकर्ता (वैद्यकीय अधिकारी, नागपूर जिल्हा)
पावसाळा लागला की रात्री हेच. परवा शेतात पायाला चावा घेतलेला गडी आला, सोबत पंधरा जण. "पाहता काहून साहेब, सुई लावा ना!" मी २ मिली रक्त काचेच्या नळीत घेऊन टेबलावर ठेवलं, २० मिनिटं हात लावला नाही. तिरपी केली तर रक्त घट्ट गोठलेलं, म्हणजे रक्त गोठू न देणारं विष अंगात दिसत नाही. नळी पुन्हा पुन्हा लावली, २४ तास नजरेखाली ठेवलं, लस न देता घरी पाठवलं. पुष्कळदा साप बिनविषारी असतो, विषारी सापही कधी कधी विष न सोडता चावतो. आणि लस घोड्याच्या रक्तातून बनते, तिचीच रिअ‍ॅक्शन येऊन श्वास कोंडलेला रुग्ण मी अ‍ॅड्रेनॅलिन देऊन परत आणलाय. लक्षणं नसताना १० बाटल्या चढवणं मला पटत नाही.

भूलतज्ज्ञ, नागपूर
मला तुमची नळीच खटकते. मण्यारच्या दंशात रक्त छान गोठतं. जमिनीवर झोपलेली पोरगी, पहाटे पोटात दुखतं म्हणून उठली. दाताची खूण नाही. नळी ठीक, म्हणून अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन. आमच्याकडे पोचली तेव्हा पापण्या उघडत नव्हत्या, श्वास वरवर चाललेला. चार दिवस व्हेंटिलेटर. मण्यारचं विष एकदा नसांच्या टोकाला बसलं की लस ते उपटून काढत नाही. म्हणून अशा वेळी मी थांबणार नाही.

धागाकर्ता
पोरगी वाचली, बरं वाटलं. पण तिथं घात झाला तो थांबल्यामुळे नाही, तिच्या डोळ्यांकडे कुणी पाहिलंच नाही. छताकडे एकटक बघायला लावा, पापण्या उतरू लागतात. एका श्वासात आकडे मोजायला लावा, आकडा घसरतो. हे दिसलं की मीही त्याच मिनिटाला लस सुरू करतो.

भूलतज्ज्ञ
आणि दर दहा मिनिटांनी हे पाहणार कोण? रात्री एक डॉक्टर, त्यातच बाळंतपण अडलेलं. तुमची पद्धत माणूस हजर असेल तरच चालते. नसेल तर लक्षण दिसायची वाट न पाहता, श्वासनळीत नळी घालायची तयारी असलेल्या गाडीतून नागपूरला पाठवा.

धागाकर्ता
पाठवण्याबद्दल मान्य. लक्षणांशिवाय लस, हे अजूनही नाही.

परिचारिका, २२ वर्षे सेवा
पाहणाऱ्या आम्हीच असतो सर. मी नातेवाइकांतल्या एका शहाण्या माणसाला पलंगाशी बसवते, पापण्या दाखवून ठेवते, जरा जड वाटल्या की हाक मार म्हणते. आणि नळीचं सांगते: ती काचेचीच हवी, नवी, कोरडी. प्लास्टिकच्या किंवा साबणानं धुतलेल्या नळीत चांगलं रक्तही वेळेत गोठेलच असं नाही. आमच्याकडे एकदा तशाच नळीवरून लस सुरू झाली होती. तेव्हापासून नव्या नळ्यांचा डबा मी कुलपात ठेवते, किल्ली ड्युटीवरच्या सिस्टरकडे.