अनुभव धागा: विज्ञान शिकवताना कामी आलेले व्हिडिओ आणि आवाज

नीराकाठ:
सातवीच्या वर्गात गुरुवारी हृदयावरचा व्हिडिओ लावला. मराठीत मनासारखा मिळाला नाही म्हणून हिंदी घेतला. चित्रं सुरेख होती, झडपा उघडताना-मिटताना स्पष्ट दिसत होत्या. निवेदक म्हणाला, "हृदय एक पेशीय अंग है." मागच्या बाकावरून लगेच हात वर. "बाई, एवढं मोठं हृदय एकपेशीय? अमीबासारखं?"

मी क्षणभर गप्पच झाले. तिने पेशीचा धडा मन लावून वाचला होता, म्हणूनच तिला ते खटकलं. हिंदीत पेशी म्हणजे स्नायू, आणि आपल्या पेशीला ते कोशिका म्हणतात. व्हिडिओ थांबवून फळ्यावर दोन्ही लिहिलं. तास तिथेच संपला.

घरी येताना एसटीत बालचित्रवाणी आठवली. पुण्याची, टीव्हीसाठी शाळेचे कार्यक्रम करणारी संस्था, १९८४ ला सुरू झालेली. २०१७ मध्ये ती बंद झाली तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. माझ्या लहानपणी आमच्या गावात एकच टीव्ही, ग्रामपंचायतीत, लाकडी शटरचा. गुरुजी रांगेने न्यायचे, खाली पोत्यावर बसवायचे. कार्यक्रमांतलं फारसं आठवत नाही. बी रुजताना मूळ हळूहळू खाली सरकतं, ते एक चित्र डोळ्यांपुढे आहे. पण तो आवाज मराठी होता. मोड, कोंब, डाळ हेच शब्द घरात आई वापरायची, त्यामुळे शब्दाशी कधी अडायला झालं नाही.

आता मोबाइलवर शोधलं तर एका धड्याला ढीगभर व्हिडिओ येतात. त्यांतून पुस्तकातल्या शब्दांचा, पाच-सात मिनिटांचा, चूक नसलेला एक निवडायला अर्धी रात्र जाते. तुम्ही काय करता? काय सापडलं, वर्गात कसं वापरलं, पोरं काय म्हणाली? आठवणीही चालतील.

फळा_खडू:
अणू राहिला की ताई! हिंदीतला अणु म्हणजे आपला रेणू, आणि आपला अणू म्हणजे त्यांचा परमाणु. माझ्या नववीतल्या मुलाने सुट्टीत व्हिडिओ बघून अभ्यास केला आणि पेपरात सगळीकडे "पाण्याचा अणू" लिहून आला. कल्पना पक्की, शब्द चुकीचा. मार्क कापताना हात जड झाला. तेव्हापासून हिंदी काही लावायच्या आधी फळ्याच्या कोपऱ्यात जोड्या लिहितो. द्रव्यमान-वस्तुमान, कोशिका-पेशी, ऊतक-ऊती, परमाणु-अणू, अणु-रेणू. आणि हिंदी पुस्तकातला स्नायु म्हणजे आपला अस्थिबंध, तोही लिहाच, तुमच्या हृदयाच्या धड्याला लागेल. आता पोरंच नवीन जोड्या शोधून आणतात.

सायलीची_आई:
अगं बाई!! म्हणून सायली परवा म्हणत होती का की अणू फोडला की ऑक्सिजन निघतो. मी रागावले तिला. आता जाऊन जवळ घेते.

फळा_खडू:
घ्या घ्या. बरोबरच होती ती, फक्त हिंदीत.

माळरान:
मी सरळ आवाज बंद करतो आणि स्वतः बोलतो. त्यासाठी सगळ्यात भारी व्हिडिओ म्हणजे अपोलो १५ चा. २ ऑगस्ट १९७१, चंद्रावर डेव्हिड स्कॉट एका हातात हातोडा आणि दुसऱ्या हातात ससाण्याचं पीस धरून उभा. हातोडा १.३२ किलो, पीस ३० ग्रॅम. नासाने फुकट ठेवलाय. पण तो लगेच लावायचा नाही! आधी पोरांना बाकावर चढवायचं, दगड आणि कोंबडीचं पीस सोडायला लावायचं. दगड धाडकन, पीस गिरक्या घेत. मग विचारायचं, हेच चंद्रावर केलं तर? वहीत लिहा, नाव घाला, खोडायचं नाही. नंतर व्हिडिओ. दोन्ही एकदम खाली पडतात तेव्हा वर्गात जो गलका होतो तो शेजारच्या वर्गातल्या बाई येऊन बघून जातात. "सर परत लावा" पाच वेळा. हवा नाही हे मी सांगितलंच नाही, चौथ्या वेळी एका पोराने सांगितलं.

पारिजात७२:
बालचित्रवाणी म्हटलं की मला ॲन्टेनाच आठवतो. दादा कौलांवर, मी खाली अंगणात, आई आतून ओरडायची "आलं आलं… गेलं".

माळरान:
आणि चित्र आलं की लाइट जायची.

पारिजात७२:
हो!! आणि दादा कौलांवरच.

स्पर्शवाट:
मी अंध मुलांच्या शाळेत विज्ञान शिकवते. आमच्याकडे सगळी मदार आवाजावर आणि हातावर, म्हणून इथे "आवाज" शब्द बघून बरं वाटलं. चांगली चित्रफीत लोक पटकन सुचवतात, चांगला आवाज कुणी सुचवत नाही.

मला सापडलेलं मोठं घबाड म्हणजे झेनो-कँटो हे संकेतस्थळ. जगभरातल्या लोकांनी ध्वनिमुद्रित करून ठेवलेले पक्ष्यांचे आवाज, मोफत. माझी मुलं आता शाळेच्या आवारातले अकरा पक्षी ओळखतात. तांबटाची टुक-टुक आम्ही मिनिटाला किती ते मोजतो, वारंवारता शिकवायला तिथून सुरुवात केली. कुहू करणारा नर असतो हे कळल्यावर मुली दिवसभर एकमेकींना सांगत होत्या.

दुसरं म्हणजे मंगळ. २०२१ मध्ये उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स गाडीवर मायक्रोफोन आहे. तिथला वारा नासाच्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतो. घुमल्यासारखा, दबलेला. मी म्हटलं, हा दुसऱ्या ग्रहावरचा वारा आहे. कुणी हलेना. आपल्याकडे आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तिथे २४० च्या आसपास, कारण हवा थंड आणि बहुतेक कार्बन डायऑक्साइड. एक मुलगा म्हणाला, "मग आईने हाक मारली तर उशिरा पोचेल. ओरडायची नाही मला." त्या दिवशी मी घरी गेले ती वेगळ्याच आनंदात.

डोळस मुलांनाही डोळे मिटून ऐकवा हे. मनापासून सांगते.

नीराकाठ:
स्पर्शवाट ताई, उद्याच ऐकवते. आमच्या शाळेमागे तांबट आहेच.

वऱ्हाडी_वारा:
माह्या शाळेत नेट म्हणजे शाळेमागच्या टेकाडावर. म्हणून शनिवारी तालुक्याला गेलो की सगळं पेनड्राइव्हात उतरवून आणतो. फेट नावाचे खेळ आहेत, कोलोरॅडो विद्यापीठाचे. कार्ल वीमन म्हणून नोबेलवाले आहेत, त्यांनी २००२ साली सुरू केलं. मराठीतही बरेच आहेत, अन् एकदा उतरवले की नेट लागत नाही. विद्युत परिपथाचा खेळ लावला. दिवा, तारा, सेल, कळ सगळं पडद्यावर जोडायचं. पोरांनी पहिल्याच मिनिटाला सेलची दोन्ही टोकं एका तारेनं जोडली अन् पडद्यावर आग! अख्खा वर्ग एकेक करून आग लावून गेला. लावू दिली म्या. दुसऱ्या दिवशी खरे सेल अन् तारा दिल्या तर त्याच पोरांनी तार जोडण्याआधी मला बोलावलं.

केळफूल:
प्रोजेक्टरचा बल्ब गेलाय आमच्या, कुठे मिळेल? जुन्या मॉडेलचा. लोकवर्गणीतून घेतलेला आहे, टाकवत नाही.

वऱ्हाडी_वारा:
फोटो टाका भाऊ, अमरावतीत एक दुरुस्तीवाला आहे ओळखीचा.

मुक्काम_आखेन:
भांडी घासून आत्ता बसले. मी जर्मनीत आखेनला राहते, इथल्या विद्यापीठाने फायफॉक्स नावाचं मोफत ॲप केलंय, फोनमधले सेन्सर मोजमापासाठी वापरतं. माझा भाऊ संगमनेरकडे शिकवतो. त्याच्याबरोबर फोनवर बोलत आम्ही आवाजाचा वेग काढला. दोन फोन, मध्ये ५ मीटर, व्हरांड्यात. एका टोकाला टाळी, तिच्या आवाजाने दोन्ही फोनांतली घड्याळं सुरू. दुसऱ्या टोकाला टाळी, दोन्ही बंद. दोन फोनांच्या वेळांत जो फरक येतो तो आवाजाला १० मीटर जायला लागलेला वेळ. त्यांना ०.०२९ सेकंद आला. भागाकार करा, ३४५ निघतो. भावाच्या विद्यार्थ्यांनी तो आकडा व्हरांड्याच्या खांबावर खडूने लिहून ठेवलाय आणि पुसू देत नाहीत.

फळा_खडू:
कमाल! आमच्याकडे व्हरांडा २० मीटर आहे, अजून नेमका येईल.

दोन_वेण्या:
मी शिक्षिका नाही, आई आहे. २०२० च्या जुलैत सह्याद्रीवर टिलीमिली सुरू झालं ते आमच्या घरचं विज्ञान. घरात एकच फोन, तो यांच्याबरोबर कामावर जायचा, मग ऑनलाइन तास कुठला? टीव्ही मात्र होता. शेजारची तीन पोरं आमच्याकडे यायची, खिडक्या उघड्या ठेवून लांब लांब बसवायचे. घरातल्याच वस्तू घेऊन करून बघायचं असायचं, त्यामुळे माझी वाट्या-चमचे जागेवर कधी नसायचे. धाकटा आता नववीत आहे, अजून म्हणतो "ते टीव्हीवालं समजायचं". मराठीत होतं ना ते.

सायलीची_आई:
दोन_वेण्या, सेम. आमच्याकडे तर सासूबाई पहिल्या येऊन बसायच्या.

खडीसाखर:
आठवीला ध्वनीचा धडा. नेटवर हवी ती वारंवारता वाजवणारं साधन मिळतं, ते स्पीकरला जोडलं. माणसाला २० ते २०,००० हर्ट्झ ऐकू येतं हे पाठ करायचं वाक्य, ते ऐकून बघू म्हटलं. ऐकू येईपर्यंत हात वर ठेवायचा. १२,००० च्या पुढे माझ्यासाठी शांतता, मी ५२ वर्षांचा, आणि पोरांचे हात वर ते वरच. वय वाढलं की वरचे स्वर आधी जातात हे त्यांना माझ्याकडे बघूनच समजलं. एक सांभाळा. आपल्याला ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवू नका, पोरांचे कान दुखतात.

पण सांगायचं होतं ते वेगळंच. एका मुलीचा हात ४,००० लाच खाली आला. मला वाटलं कंटाळली असेल. परत केलं, परत तिथेच. या खेळाने कान तपासले जात नाहीत हे मला माहीत आहे, तरी तिच्या वडिलांना बोलावलं आणि जिल्ह्याच्या ठिकाणी डॉक्टरांकडे पाठवलं. दोष निघाला. "लक्ष देत नाही" असा शेरा तिच्या प्रगतिपुस्तकात तीन वर्षं होता, त्यांतला एक माझाच. आता पहिल्या बाकावर बसते, यंत्र लावते. त्या शेऱ्याची टोचणी मला अजून आहे.

स्पर्शवाट:
सर, तुम्ही परत वाजवून बघितलंत. ते महत्त्वाचं होतं तिच्यासाठी.

पारिजात७२:
डोळ्यांत पाणी आलं वाचताना.

शिरीषफूल:
अरविंद गुप्तांचे व्हिडिओ कुणीच कसे लिहिले नाहीत? पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत, मुक्तांगण विज्ञान शोधिकेत असताना केलेले. एक-दोन मिनिटांचे, टाकाऊ वस्तूंची खेळणी, मराठीतही आहेत. शीतपेयाच्या नळीचं टोक चपटं करून कात्रीने दोन्ही बाजूंनी तिरकं कापायचं आणि फुंकायचं, पिपाणी वाजते. वाजवता वाजवता नळी कापत गेलं की सूर चढत जातो. मी व्हिडिओ एकदाच दाखवते आणि फोन कपाटात ठेवते. पुढचा पाऊण तास सगळा पोरांचा. मुख्याध्यापक सर डोकं धरून आले होते, जाताना एक पिपाणी घेऊन गेले.

केळफूल:
बल्बचा फोटो टाकला हो वर. आणि २३ ऑगस्ट २०२३ ला त्याच प्रोजेक्टरवर चांद्रयान-३ उतरताना दाखवलं होतं, संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी. देवळाच्या भिंतीवर चादर लावून, अख्खं गाव. म्हणून टाकवत नाही.

नीराकाठ:
सगळं वहीत उतरवून घेतलं. फळा_खडू सरांच्या जोड्या वर्गात लावल्या, माळरान दादांचं पीस सोमवारी.

आणि एक. तो हृदयाचा व्हिडिओ आवाज बंद करून परत लावला. ज्या मुलीने अमीबा विचारला होता तिनेच मराठी निवेदन लिहिलं, माझ्या फोनवर म्हटलं. "हृदय हे स्नायूंचं बनलेलं इंद्रिय आहे. ते आपल्या मुठीएवढं असतं." व्हिडिओ आणि तिचा आवाज एकदम सुरू करतो आम्ही. सहावीचीही पोरं येऊन ऐकून गेली. मध्ये कर्णिकेपाशी कोंबडा आरवलाय, ते परत करून घ्यावं का?

शिरीषफूल:
नका घेऊ, राहू दे कोंबडा.