रेड यीस्ट राइसने कोलेस्टेरॉल उतरतं, मग नाकं का मुरडायची?

सांजवात:
आई ६७ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिला कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी सुरू झाली आणि तीन आठवड्यांत मांड्या भरून यायला लागल्या. जिना चढताना कठडा धरून पायरीगणिक थांबायची. शेवटी गोळी बंद केली. त्यानंतर कोणाच्या तरी सांगण्यावरून तिने रेड यीस्ट राइसच्या, म्हणजे बुरशी वाढवलेल्या लाल तांदळाच्या, कॅप्सूल घेतल्या. तीन महिन्यांत एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १७१ वरून १३४ वर आलं, आणि पायांची तक्रार नाही. डॉक्टरांना सांगितलं, तर "असल्या गोष्टींना पुरावा नसतो" एवढंच बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

पुरावा आहे हो! १९९९ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ८३ जणांवर चाचणी झाली. आठ आठवड्यांत एकूण कोलेस्टेरॉल सरासरी २५४ वरून २०८ वर आलं. चीनमध्ये हार्ट अटॅक येऊन गेलेल्या सुमारे ४,८७० रुग्णांना याच तांदळाचा 'झुएझीकांग' नावाचा अर्क किंवा औषध नसलेली खोटी गोळी देऊन सरासरी साडेचार वर्षं पाहिलं. पुन्हा अटॅक किंवा हृदयविकाराने मृत्यू खोट्या गोळीवाल्यांत १०.४ टक्के, अर्कवाल्यांत ५.७ टक्के. हा पुरावा नाही तर काय?

चौकस:
पुरावा आहेच, मान्य. पण कशाचा, ते बघा. या तांदळावर मोनॅस्कस नावाची बुरशी वाढवतात आणि ती मोनाकोलिन के तयार करते. जपानचे शास्त्रज्ञ अकिरा एन्डो यांनी ते १९७९ साली वेगळं काढलं. दुसऱ्या एका बुरशीतून मिळालेलं लोव्हास्टॅटिन हे स्टॅटिन म्हणजे हुबेहूब तेच रसायन. तेच १९८७ साली अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झालं. म्हणजे तुमच्या आईंनी स्टॅटिन सोडलेलं नाही. त्या दुसऱ्या नावाने तेच घेताहेत, फक्त किती घेताहेत हे त्यांना, तुम्हाला आणि डॉक्टरांना, कोणालाच माहीत नाही.

चीनच्या चाचणीतला अर्क मोजूनमापून बनवलेला होता. दुकानातली बाटली तशी असेलच असं नाही. २०१० साली अमेरिकेत १२ उत्पादनं तपासली, तेव्हा एका कॅप्सूलमध्ये मोनाकोलिन के कुठे ०.१ मिलिग्रॅम, तर कुठे १० मिलिग्रॅम निघालं. शंभरपट फरक! रक्तदाबाच्या गोळीत असा फरक चालवून घ्याल?

सांजवात:
तेच रसायन असेल, तर मग पाय का दुखत नाहीत? २००९ साली स्नायूदुखीमुळे स्टॅटिन सोडलेल्या ६२ जणांवर हाच प्रयोग झाला होता. २४ आठवड्यांनी रेड यीस्ट राइसवाल्यांचं एलडीएल ३५ ने उतरलं होतं आणि स्नायूदुखी खोट्या गोळीवाल्यांपेक्षा जास्त नव्हती. ज्यांना गोळी सोसत नाही, त्यांनी काय करायचं? तुमच्या उत्तरात त्यांना जागाच नाही.

निवांत_पाऊस:
ताई, जागा आहे, आणि ती त्याच डॉक्टरांकडे आहे. डोस कमी करता येतो, दुसरं स्टॅटिन देता येतं, एझेटिमाइब हे कोलेस्टेरॉलचं वेगळं औषध आहे. आणखी एक गोष्ट. २०२० साली इंग्लंडमध्ये स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना आलटून पालटून खरी गोळी, खोटी गोळी आणि काहीच नाही असं वर्षभर दिलं. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास झाला, त्यातला सुमारे ९० टक्के खोट्या गोळीवरही झाला. दुखणं खोटं नव्हतं, पण त्याचं कारण बहुतांशी गोळीतलं रसायन नव्हतं. आईंचं तसंच होतं असं मी म्हणणार नाही. पण कॅप्सूल 'नैसर्गिक' म्हणून मनाने स्वीकारली, हेही शक्य आहे ना?

औषधपेटी:
मी औषधाच्या दुकानात काउंटरवर असते. एक काका दीड वर्ष हीच कॅप्सूल घेत होते. छातीच्या संसर्गासाठी त्यांना क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिलं. "इतर काही औषधं चालू आहेत का?" असं मी विचारलं, तर "काही नाही" म्हणाले. कारण त्यांच्या लेखी कॅप्सूल हे औषध नव्हतंच. पाचव्या दिवशी लघवी चहासारखी काळपट झाली, हात वर उचलवेना. स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढतं ते सीके भरमसाट वाढलं होतं. हे अँटिबायोटिक लोव्हास्टॅटिन शरीरात साठवून ठेवतं. लोव्हास्टॅटिनच्या गोळीच्या पाकिटावर ही सूचना असते, या बाटलीवर ती नव्हती. त्या दिवसापासून मी "तांदूळ, लसूण, हळद, काढा, काहीही?" असं एकेक नाव घेऊन विचारते.

सांजवात:
हे वाचून पोटात गोळा आला. तरी विचारते, हा दोष कॅप्सूलचा की माहिती न देण्याचा? युरोपात तर याला परवानगी आहे.

चौकस:
आहे, पण २०२२ पासून दिवसाला ३ मिलिग्रॅमपेक्षा कमी मोनाकोलिन आणि सोबत इशारे छापायचे, या अटीवर. २०११ साली तिथल्याच अन्नसुरक्षा संस्थेने १० मिलिग्रॅमने कोलेस्टेरॉल आटोक्यात राहतं हे मान्य केलं होतं. २०१८ साली तिनेच सांगितलं की सुरक्षित मात्रा ठरवता येत नाही. शिवाय सिट्रिनिन. बुरशी नीट सांभाळली नाही, तर मूत्रपिंडाला घातक असं हे विष तयार होतं. मी म्हटलेल्या १२ पैकी ४ उत्पादनांत ते जास्त सापडलं होतं. दोष माहितीचाही आहे आणि बाटलीचाही.

सांजवात:
आत्ता बाटली हातात घेऊन बसले आहे. "रेड यीस्ट राइस ६०० मिलिग्रॅम" एवढंच छापलंय. मोनाकोलिनचा आकडा नाही, सिट्रिनिनचा उल्लेख नाही. हे तांदळाचं वजन आहे, औषधाचं नाही, हे मला आज कळतंय. बाटली घेऊन परवा आईसोबत जाते. सीके आणि लिव्हरची तपासणी करून घेते, कमी डोसचंही विचारते. पण एक सोडणार नाही: "पुरावा नसतो" हे उत्तर चूक होतं. "यात स्टॅटिनच आहे" एवढं त्या दिवशी सांगितलं असतं, तर आईने ती बाटली दीड वर्ष चालू ठेवली नसती.

औषधपेटी:
यावर मी पूर्ण तुमच्या बाजूने. आणि परवा जाताना तिच्या बाकीच्या सगळ्या गोळ्याही पिशवीत घाला.