पंपकिन पाय: डब्यातला भोपळा की ताजा?

मुदपाक

थँक्सगिव्हिंग हा अमेरिकेतला सण, म्हणजे नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, जवळ आला की अमेरिकेतल्या मराठी मंडळींत पंपकिन पायबद्दल (पारीत भोपळ्याचं मिश्रण भरून भाजलेला गोड पदार्थ) एक सल्ला हमखास फिरतो: "डबा कशाला? ताजा भोपळा आणा, चवच वेगळी येते." माझं मत नेमकं उलट आहे. घारग्यांसाठी ताजा भोपळा, पायसाठी डबा.

कारण साधं आहे. पंपकिन पाय म्हणजे मुळात अंड्याचं कस्टर्ड. डब्याच्या लेबलवरचं नेहमीचं माप असं: भोपळ्याचा गर 15 औंस (425 ग्रॅम), इव्हॅपोरेटेड मिल्क (आटवलेलं बिनसाखरेचं दूध) 12 औंस, 2 मोठी अंडी, पाऊण कप साखर, अर्धा टीस्पून मीठ, 1 टीस्पून दालचिनी पूड, अर्धा टीस्पून सुंठ, पाव टीस्पून लवंगपूड. 9 इंची खोल पाय-डिशला हे पुरतं. एवढं सगळं फक्त दोन अंडी धरून ठेवणार, त्यामुळे गरात पाणी किती आहे हे आधी ठाऊक असावं लागतं. डब्याचा गर दरवेळी जवळपास सारखाच घट्ट निघतो. ताज्याचं तसं नाही; एक भोपळा कोरडा, दुसरा पाणचट. घारग्यात पाणी जास्त झालं तर मूठभर कणीक वाढवता येते. कस्टर्डला ती सोय नाही.

आणि "डबा म्हणजे शिळं काहीतरी" हा समजही काढून टाका. डब्यात मुख्यतः डिकिन्सन जातीचा भोपळा असतो आणि त्याचा मोठा वाटा इलिनॉयमधल्या मॉर्टन गावच्या परिसरातून येतो. ही जात कुकुर्बिटा मॉस्काटा या प्रजातीतली, म्हणजे बटरनट स्क्वॉशची सख्खी भावंडं. आपल्याकडचा लाल भोपळाही बहुतेक याच कुळातला. हॅलोविनला कोरतात तो केशरी भोपळा वेगळा, कुकुर्बिटा पेपो. त्याचा गर दोरेदार, फिका आणि पाण्याने भरलेला. 'ताजा' म्हणून बरेच जण तोच घरी आणतात आणि पाय बिघडला की खापर ओव्हनवर फोडतात.

एकच काळजी घ्या. दुकानात 'पंपकिन' आणि 'पंपकिन पाय मिक्स' असे दोन डबे शेजारीशेजारी असतात. मिक्समध्ये साखर-मसाला आधीच घातलेला असतो. घटकांच्या यादीत फक्त भोपळा असेल तोच डबा घ्या.

शेगडी

मुदपाक, निदान बरोबर आहे, उपाय पटत नाही. पाणी काढता येतं. तेवढ्यासाठी चव का सोडायची?

हॅलोविनचा भोपळा नको, इथे एकमत. छोटा 'शुगर पंपकिन' मिळतो, तो पेपोच असला तरी गर बराच बरा असतो. त्याहून चांगला बटरनट किंवा गडद हिरव्या सालीचा काबोचा. भारतीय दुकानात लाल भोपळ्याच्या फोडी मिळतात, त्याही चालतात. गर गडद केशरी आणि बोट दाबून कडक लागेल अशी फोड निवडा.

दीड ते पावणेदोन किलोचं फळ उभं चिरा, बिया काढा, कापलेली बाजू खाली ठेवून 400 फॅरनहाइटला (200 सेल्सिअस) 45 ते 60 मिनिटं भाजा. उकडू नका आणि कुकरला तर मुळीच लावू नका. कुकरमध्ये वाफेचं पाणी गरातच मुरतं, नंतर तेच आटवत बसावं लागतं. सालीत सुरी सहज शिरली की चमच्याने गर काढा, मिक्सरमधून फिरवा, मलमलच्या फडक्यात बांधून चाळणीवर दोन तास ठेवा. चक्क्याला बांधतो तसंच, फक्त रात्रभर नको.

मग खरी पायरी. गर जाड बुडाच्या कढईत साखर, मीठ आणि मसाल्यांसह मध्यम आचेवर 8 ते 10 मिनिटं परता. डाव ओढल्यावर कढईचा तळ दिसावा आणि गराने तो लगेच झाकू नये. खात्री करायची तर एक चमचा गर बशीत ठेवून पाच मिनिटं थांबा. कडेने पाण्याचं कडं पसरलं तर अजून परता. गोळा जागच्या जागी बसून राहिला की झाला. साखर घालण्याआधी गर तेवढा 425 ग्रॅम मोजून घ्या, म्हणजे पुढचं माप चुकत नाही.

ही कल्पना नवीन नाही. 1796 मध्ये अमेरिकेत छापलेल्या भोपळ्याच्या पुडिंगच्या कृतीतही भोपळा आधी शिजवून गाळूनच घ्यायला सांगितलं आहे.

मुदपाक

मसाल्यांबरोबर परतायचं तुमचं तंत्र उत्तम आहे, पण ते डब्याच्या गरालाही तितकंच लागू पडतं. किंबहुना डब्याला येणारा तो धातूसारखा वास याच परतण्याने जातो. म्हणजे चवीतला मोठा फरक कढई करते, ताजेपणा नव्हे. भाजणं, गाळणं, परतणं धरून साडेतीन-चार तास होतात, आणि गुरुवारी सकाळपासून ओव्हन सणाच्या टर्की पक्ष्यानेच अडवलेला असतो.

शिवाय जास्तीचा गर उकळता असतानाच बरणीत भरून फळीवर ठेवायचा मोह होतो. ते धोक्याचं आहे. भोपळ्यात आम्लता अगदी कमी असते आणि दाट गराच्या मध्यापर्यंत उष्णता नीट पोचत नाही, त्यामुळे बोट्युलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) जंतू तग धरू शकतात. प्रेशर कॅनर (बरण्या हवाबंद करायचा मोठा प्रेशर कुकर) असला तरी गर घरी डबाबंद करू नये असंच अमेरिकेतले अधिकृत सल्ले सांगतात. फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर मेणबत्ती लावून ठेवलेला कोरीव भोपळा तर स्वयंपाकात आणूच नका.

शेगडी

फ्रीझरचं शंभर टक्के मान्य. वेळेचं नाही. गर रविवारी करून ठेवा, फ्रिजमध्ये तीन दिवस छान राहतो. बुधवारी पाय भाजायला ओव्हन मोकळाच असतो.

आणि डबा दरवर्षी मिळेलच हे तरी कशावरून? 2009 मध्ये इलिनॉयमध्ये पावसाने भोपळे शेतातच सडले आणि ऐन नोव्हेंबरात डब्यांचा तुटवडा पडला. एकाच भागातल्या पिकावर अख्ख्या देशाचा सण बेतलेला असला की असं होतं.

साजूकतूप

दोघेही गरावर भांडताय. पाय कापल्यावर खाली ओलं कच्चं पीठ निघतं, तो दोष ना डब्याचा ना भोपळ्याचा. लेबलवरची कृती कच्च्या पारीत पातळ मिश्रण ओतायला सांगते, 15 मिनिटं 425 फॅरनहाइटला आणि पुढे 40 ते 50 मिनिटं 350 ला. मला ती कृतीच मान्य नाही. पारी आधी भाजून घ्या.

लाटलेली पारी डिशमध्ये बसवून अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा. वर फॉइल, त्यात वजन म्हणून काठापर्यंत कच्चा राजमा किंवा तांदूळ. अर्धवट भरले तर कडा घसरून खाली येतात. 400 फॅरनहाइटला 20 ते 25 मिनिटं, मग वजन काढून आणखी 8 ते 10 मिनिटं, तळ कोरडा आणि फिकट सोनेरी होईपर्यंत. मिश्रण गरम असतानाच गरम पारीत ओता, म्हणजे बुडाला भिजायला वेळ मिळत नाही. डिश खालच्या फळीवर, आधी तापवलेल्या ट्रेवर. या सगळ्याला धातूची डिश वापरा. फ्रीझरमधली गार काच तापल्या ओव्हनमध्ये तडकू शकते.

मुदपाक

साजूकतूप, हे मान्य. मात्र पारी आधी भाजली असेल तर 425 चा टप्पा सोडून द्या. सरळ 350 ला 35 ते 45 मिनिटं, कडेला फॉइलची पट्टी.

कधी काढायचा यावर मात्र ठाम राहा. कडेचा दोन बोटं भाग घट्ट, मध्यभाग डिश हलवल्यावर थुलथुलता, तेव्हाच बाहेर. थर्मामीटर असेल तर मध्याला 170 ते 175 फॅरनहाइट (77 ते 80 सेल्सिअस). सुरी स्वच्छ निघेपर्यंत थांबलात की उशीर झाला. अंडं आकसतं, पाणी सुटतं आणि गार होताना मध्ये चीर पडते.

जायपत्री

आमच्याकडे गुरुवारी अंडं चालत नाही असं म्हणणारी बरीच घरं आहेत आणि हा सण तर गुरुवारीच येतो. त्यांना 'अंड्याऐवजी कॉर्नफ्लोअर घाला, बाकी कृती तीच' असं सर्रास सांगितलं जातं. तो सल्ला अर्धवट आहे. अंडं 80 सेल्सिअसच्या आसपास धरतं, कॉर्नफ्लोअर पुरतं शिजायला जवळजवळ उकळी यावी लागते. अंड्याच्या वेळेवर पाय बाहेर काढला की पिठूळ लागतो आणि कापताना वाहतो.

त्यापेक्षा मिश्रण गॅसवरच पूर्ण शिजवा. एका डब्याला 12 औंस इव्हॅपोरेटेड मिल्क आणि पाव कप कॉर्नफ्लोअर. ते आधी थोड्या थंड दुधात कालवा, नाहीतर गुठळ्या होतात. सतत ढवळत बुडबुडे येऊ द्या, मग आणखी दोन मिनिटं. पूर्ण भाजलेल्या पारीत ओता आणि किमान सहा तास फ्रिजमध्ये ठेवा. मिश्रणाला ओव्हन नाही, चीर नाही. इथे ताजा भोपळा वापरायलाही हरकत नाही, कारण घट्टपणा कढईतच डोळ्यांना दिसतो.

जायफळ किसून घालाच. वेलची मात्र नको, तिच्याने बासुंदीचा वास येतो आणि भोपळा मागे पडतो.

शेगडी

वेलचीवर माझा आक्षेप आहे. दोन वेलदोडे, ताजे कुटलेले, आणि लवंग निम्मी करा. मागे पाडते ती लवंग.